गणकनळ्या व अंकनळ्या : त्यांची रचना आणि कालनिर्णयांतील त्यांचें स्थान

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत विद्युत्-यंत्रांतील कांचेच्या नळ्यांविषयीं लेख कशासाठीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. या नळ्यांचा आपल्या विषयाशीं दोन बाजूंनीं संबंध येतो. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचे जे काल आज आपण ग्रंथांतून उद्धृत करतों, त्यांतील पुष्कळसे अशाच नळ्यांनीं टिपलेल्या विद्युत्-स्पंदांच्या मोजणीवर उभे आहेत. दुसरें असें कीं, अशा मोजणीचीं त्या पिढीचीं यंत्रें आतां स्वतःच जुनीं व दुर्मिळ होऊन मोडींत निघूं लागलीं आहेत. यास्तव त्यांची रचना काय, त्यांनीं दिलेला आंकडा कसा वाचावा आणि तीं हातीं आलीं असतां संग्राहकानें काय करावें, एवढ्या तीन गोष्टींचें विवेचन येथें योजिलें आहे.

लेखास निमित्त झालें तें असें. सांगली येथील आमच्या एका स्नेह्यांचा हस्तलिखित पोथ्यांचा चांगला संग्रह आहे. गतवर्षीं जुन्या बाजारांत पोथ्यांचा एक गठ्ठा घेतांना त्यांस त्याच विक्रेत्याकडे एक लोखंडी पेटी आढळली. एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतून ती मोडींत निघाली होती. दर्शनी फळीवर तीन वाटोळ्या खिडक्या, प्रत्येकीभोंवतीं शून्यापासून नवापर्यंत अंक, आणि डावीकडे मोटारीच्या मैलमापकाप्रमाणें फिरत्या आंकड्यांची एक पट्टी, असें तिचें स्वरूप आहे. सोबत कागदांत गुंडाळलेल्या सहा सुट्या कांचनळ्याही होत्या. त्यांत तारेचे अंक एकामागें एक उभे केलेले दिसतात. विक्रेत्यानें पेटीची किंमत लोखंडाच्या वजनावर केली. यादींत या वस्तूंची नोंद कोणत्या नांवानें करावी, असें आमच्या स्नेह्यांनीं विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर एका ओळींत देण्यासारखें नव्हतें.

या नळ्यांचीं कामें तीन प्रकारचीं असतात : टिपणें, मोजणें आणि दाखविणें. हीं तिन्ही कामें निरनिराळ्या नळ्या करीत असल्यामुळें त्यांची गल्लत होऊं देऊं नये.

टिपणाऱ्या नळींत गायगर-म्युलर नळी सर्वांत प्रसिद्ध होय. इ. स. १९०८ मध्यें रदरफर्ड व गायगर यांनीं मँचेस्टर येथें किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघणारे कण विजेच्या साह्यानें एकेक करून मोजण्याची युक्ति प्रथम सिद्ध केली. पुढें इ. स. १९२८ मध्यें गायगर व त्याचा शिष्य वाल्थर म्युलर यांनीं तिला आजचें रूप दिलें. धातूची एक पोकळ नळी, तिच्या अक्षांतून ताणलेली बारीक तार आणि मध्यें विरळ वायु, इतकीच तिची सामग्री. तार हें धनाग्र व नळीची भिंत हें ऋणाग्र करून दोहोंत कांहीं शें व्होल्टांचा दाब ठेवितात. बाहेरून एखादा कण आंत शिरला म्हणजे तो वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन फोडून बाहेर काढतो. ते इलेक्ट्रॉन तारेकडे धांवतात. तारेच्या अगदीं जवळ विद्युत्-क्षेत्र फार प्रखर असतें. तेथें प्रत्येक इलेक्ट्रॉन दुसऱ्यांस, दुसरे तिसऱ्यांस मुक्त करीत जातात, आणि क्षणार्धांत त्यांचा लोंढा तारेवर येऊन आदळतो. हाच एक स्पंद. लोंढा आपोआप शमावा म्हणून वायूंत थोडी मद्यार्काची वाफ किंवा क्लोरीन-ब्रोमीनसारखें द्रव्य मिसळलेलें असतें. शमण्यास सुमारें एक दहाहजारांश सेकंद लागतो, आणि तेवढ्या अवधींत दुसरा कण आला तरी नळीस त्याची दाद नसते. कण लहान असो वा मोठा, मंद असो वा वेगवान, स्पंद सारखाच येतो. नळी केवळ ‘एक आला’ एवढेंच सांगते. किती आले तें सांगणें हें पुढच्या नळीचें काम.

तें काम प्रथम चक्री गणकांवर सोंपविलें जाई. परंतु दांत्यांच्या चाकांस सेकंदाला शेंकडों स्पंद मोजण्याची चपळाई नसते. या अडचणींतून स्पंदांचें विभाजन करण्याची कल्पना निघाली. केंब्रिज येथें विन-विल्यम्स यानें इ. स. १९३२ च्या सुमारास अशी जोडणी रचली कीं, दोन स्पंद आंत गेले असतां एकच बाहेर पडावा. अशा पायऱ्या एकापुढें एक जोडल्या म्हणजे दोन, चार, आठ, सोळा अशा पटींनीं स्पंद कमी होत जाऊन शेवटीं चक्री गणकास झेपतील इतके राहतात. अशा यंत्रास ‘स्केलर’ म्हणूं लागले. आमच्या स्नेह्यांकडील पेटी म्हणजे एक स्केलरच होय. मात्र तींतील विभाजन दोहोंनीं नसून दहांनीं होतें, आणि तें करणारी नळी म्हणजे डेकाट्रॉन. तिला आम्ही दशकनळी म्हणूं.

इ. स. १९५० च्या सुमारास इंग्लंडांत नॉटिंगहॅमजवळील एरिक्सन टेलिफोन्स या कारखान्यानें दशकनळी प्रचारांत आणिली. तिची रचना वरून पाहिली असतां चटकन् ध्यानांत येते. मध्यें एक वाटोळी तबकडी आहे, तें धनाग्र. तिच्याभोंवतीं वर्तुळांत तीस बारीक खुंट्या उभ्या असतात. त्यांपैकीं दहा खुंट्या हीं मुख्य ऋणाग्रें असून त्यांस शून्य ते नऊ असे अंक दिलेले असतात. उरलेल्या वीस खुंट्या वाटाड्यांचें काम करतात. दोन मुख्य खुंट्यांच्या मध्यें दोन वाटाडे, असा क्रम असतो. आंत निऑनसारखा वायु विरळ स्वरूपांत भरलेला असतो. अशा वायूंतून वीज वाहूं लागली म्हणजे ऋणाग्राला चिकटून एक नारिंगी प्रभा दिसते. दशकनळींत एका वेळीं एकाच खुंटीवर ही प्रभा असते.

आतां बाहेरून स्पंद आला म्हणजे तो आधीं पहिल्या वाटाड्यास क्षणभर अधिक ऋण करतो. शेजारच्या खुंटीवरील प्रभेमुळें त्याच्या आसपासचा वायु आधींच आयनित असतो. म्हणून प्रभा दूरच्या वाटाड्यांवर न जातां जवळच्यावरच उडी घेते. लगेच दुसरा वाटाड्या ऋण होतो, प्रभा त्यावर जाते. आणि तोही पूर्वस्थितीवर आला म्हणजे ती पुढच्या मुख्य खुंटीवर येऊन स्थिरावते. येणेंप्रमाणें एका स्पंदास एक घर. वाटाड्यांचा क्रम उलटा केला तर प्रभा उलट फिरते, म्हणजे याच नळीनें वजाबाकीही होते. शून्याच्या खुंटीची तार निराळी बाहेर काढलेली असते. प्रभा नवावरून शून्यावर आली कीं त्या तारेंतून एक स्पंद निघून पुढच्या नळीस मिळतो. शाळेंत आम्ही मुलांस ‘हातचा एक’ म्हणून जें शिकवीत आलों, तेंच हें. एकं, दहं, शतं अशा तीन नळ्यांतून हातचा उजवीकडून डावीकडे सरकतो आणि हजाराचा हातचा चक्री गणकाकडे जातो. भूतसंख्यांनीं लिहिलेले शक वाचण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस ही अंकांची वामगति अपरिचित नाहीं.

साध्या निऑन दशकनळीची गति सेकंदास सुमारें ४००० स्पंद इतकी असे. निराळे वायु भरलेल्या कांहीं जाती याहून बऱ्याच वेगवान होत्या. तिचा विशेष असा कीं, तीच मोजते आणि तीच दाखविते. प्रभा जेथें थांबली तो अंक. वीज चालू आहे तोंवर ती तेथेंच राहते, म्हणून अंक धारण करण्यासही ती उपयोगी पडली. इंग्लंडांत हार्वेल येथें इ. स. १९५१ मध्यें चालू झालेल्या गणनयंत्रांत ८२८ दशकनळ्या होत्या. तें यंत्र पुढें वुल्व्हरहॅम्प्टन येथील एका विद्यालयास मिळालें, नंतर बरींच वर्षें भांडारांत पडून राहिलें, आणि इ. स. २०१२ मध्यें ब्लेचली पार्क येथील संगणनाच्या संग्रहालयांत पुन्हां चालू करण्यांत आलें. भांडारांत तें सुटें होऊन पडलें होतें, तरी विकलें गेलें नव्हतें. त्यामुळेंच हें शक्य झालें.

तिसरी जात केवळ दाखविणाऱ्या नळ्यांची. त्यांत ‘निक्सी’ ही नळी सर्वांत लोकप्रिय झाली. अमेरिकेंतील बरोज कंपनीनें ती इ. स. १९५५ मध्यें बाजारांत आणिली. हिच्यांतही निऑन असतो, व त्यांत बहुधा पाऱ्याचा अल्पांश मिसळलेला असतो. दहा ऋणाग्रें दहा अंकांच्या आकारांत घडवून एकामागें एक बसविलेलीं असतात, आणि त्यांपुढें धनाग्राची विरळ जाळी असते. सुमारें १७० ते १८० व्होल्टांचा दाब देऊन ज्या अंकाची तार जोडावी त्या अंकाच्या अंगाभोंवतीं नारिंगी प्रभा पसरते. बाकीचे नऊ अंक अंधारांत असल्यामुळें नजरेस फारसे अडथळा करीत नाहींत. पाठीमागचे अंक पुढच्यांनीं झांकले जाऊं नयेत म्हणून ते पुष्कळदां संख्याक्रमानें न मांडतां आकारांच्या सोयीनें मांडलेले असतात. या नळीस स्वतः मोजतां येत नाहीं. कोणता अंक उजळावयाचा हें निराळ्या मंडलानें ठरवावें लागतें. म्हणून यादींत हिची नोंद ‘अंकनळी’ अशीच करावी, ‘गणकनळी’ अशी करूं नये.

लिपिशास्त्राची आवड असणाऱ्यांनीं या अंकांच्या वळणाकडे अवश्य लक्ष द्यावें. सोव्हिएत रशियांत झालेल्या अनेक नळ्यांत इंग्रजी पांचाचा आंकडा म्हणजे उलटा बसविलेला दोनाचाच आंकडा असतो; एकाच साच्यांतून दोन अंक काढण्याची ती काटकसर होय. चाराचा माथा उघडा कीं मिटलेला, एकास पाय आहे कीं नाहीं, यांवरूनही घराणीं ओळखतां येतात. बोरूच्या वळणावरून लेखक ओळखणाऱ्यांस ही परीक्षा कठीण जाणार नाहीं. दुसरें एक चिन्ह झिजेचें. जो अंक सदोदित उजळलेला असतो त्याच्या धातूचे कण उडून न वापरलेल्या अंकांवर बसतात, आणि ते अंक पुढें पेटविले असतां मध्यें मध्यें काळे राहतात. पाऱ्याचा अंश असतो तो हीच झीज मंदावण्यासाठीं. अशा डागांवरून नळी कोणत्या जागीं, एकंस्थानीं कीं लक्षस्थानीं, काम करीत होती, याचेंही अनुमान होतें. कारण वरच्या स्थानीं शून्यच बहुधा उजळलेलें असतें. इ. स. १९७० नंतरच्या दशकांत प्रकाश देणाऱ्या अर्धसंवाहकांचे स्वस्त अंक निघाले आणि या नळ्यांचा व्यवहार संपुष्टांत आला.

येथवर रचनेचें झालें. आतां आपल्या विषयाशीं जो निकटचा संबंध, त्याकडे वळूं.

सजीव पदार्थ वातावरणांतून कर्ब घेतो. त्यांत किरणोत्सर्गी कर्ब-१४ चा अतिसूक्ष्म अंश असतो. प्राणी वा वनस्पति मृत झाल्यावर नवा पुरवठा थांबतो आणि हा अंश ठराविक गतीनें घटत जातो. इ. स. १९४९ मध्यें अमेरिकेंत विलर्ड लिबी यानें या तत्त्वावर प्राचीन वस्तूंचे काल काढून दाखविले, इ. स. १९६० मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. भारतांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत इ. स. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच अशी प्रयोगशाळा उभी राहिली. देवेंद्र लाल, शीला कुसुमगर, डी. पी. अग्रवाल प्रभृतींनीं तेथें काम केलें. ‘टी. एफ.’ हीं अक्षरें ज्या कालांकांमागें आढळतात, ते या प्रयोगशाळेचे होत. नेवासें, चांडोली, इनामगांव इत्यादि स्थळांचा कोळसा तेथें मोजला गेला. इ. स. १९७३ च्या सुमारास ती प्रयोगशाळा अहमदाबादच्या भौतिकी संशोधनालयांत गेली.

यापूर्वीं आपली स्थिति काय होती तें आठवावें. डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं प्रवरा-घोड नद्यांच्या कांठीं रंगीत मडक्यांचे थर उघडे केले. ते थर सातवाहनकालीन थरांच्या खालीं, म्हणून त्यांहून जुने, एवढें सांगतां येत होतें. किती जुने, हें सांगण्यास ना लेख होता, ना नाणें. इनामगांवची वसाहत इ. स. पू. १६०० पासून इ. स. पू. ७०० पर्यंत नांदली असें जें आज लिहिलें जातें, त्याचा मुख्य आधार कोळशाच्या मोजणीचा आहे.

ही मोजणी कशी होते? कोळशांतील कर्ब शुद्ध करून वायुरूपांत आणितात आणि तो वायुच गायगर नळीच्या जातीच्या एका नळींत भरतात. म्हणजे वस्तु आणि टिपणारी नळी एकच होतात. अडचण अशी कीं, आकाशांतून येणारे विश्वकिरण व भोंवतालच्या दगडमातींतील किरणोत्सर्ग हेही त्याच नळींत स्पंद उठवितात. म्हणून नळीभोंवतीं लोखंड वा शिसें यांची जाड भिंत रचितात, आणि आंत नळीच्या सभोंवार गायगर नळ्यांचें एक कडें ठेवितात. बाहेरच्या कड्यांत व आंतल्या नळींत एकाच क्षणीं स्पंद आला तर तो बाहेरचा पाहुणा समजून गाळला जातो. संहितेंतून प्रक्षिप्त श्लोक वेगळे काढण्यासारखीच ही शुद्धि आहे. मात्र येथें ती यंत्र आपोआप करतें.

आतां आंकडे पाहूं. ताज्या कर्बाच्या एका ग्रॅममध्यें मिनिटास सुमारें १४ अणु फुटतात. तीन हजार वर्षांपूर्वींच्या कोळशांत ते साडेनऊच्या आसपास भरतात. या स्पंदांस ठरलेला ताल नाहीं. पावसाच्या पहिल्या थेंबांप्रमाणें ते येतात, कधीं दोन लागोपाठ, कधीं बराच वेळ एकही नाहीं. म्हणून थोडा वेळ मोजून भागत नाहीं. अशा अनियमित घटनांचा नियम असा कीं, मोजलेल्या संख्येचें वर्गमूळ हीच तिच्या चुकीची साधारण मर्यादा. १०० स्पंद मोजले तर १० इकडेतिकडे, म्हणजे शेंकडा दहा. १०,००० मोजले तर १०० इकडेतिकडे, म्हणजे शेंकडा एक. वरील कोळशाच्या एका ग्रॅमपासून १०,००० स्पंद मिळण्यास सुमारें सतरा तास लागतात. कर्ब-१४ च्या घटीच्या मानानें शेंकडा एक म्हणजे सुमारें ८० वर्षें. बाहेरच्या स्पंदांची वजावट करावी लागत असल्यामुळें प्रत्यक्षांत ही मर्यादा याहून वाढते. कालांकापुढें ‘± १००’ असें जें चिन्ह असतें, त्याचा उगम येथें आहे.

हें चिन्ह म्हणजे प्रयोगशाळेच्या हलगर्जीपणाची कबुली, असें कित्येक अभ्यासक समजतात, आणि उद्धृत करतांना तें गाळतात. तसें करणें म्हणजे ग्रहणाची नोंद उतरतांना तिथि गाळण्यासारखें आहे. त्या चिन्हाचा अर्थ इतकाच कीं, खरा आंकडा या मर्यादेच्या आंत असण्याचा संभव तिहींत दोन इतका आहे. तिसऱ्या खेपेस तो बाहेरही असूं शकेल. तेव्हां दोन वसाहतींच्या कालांत ५० वर्षांचें अंतर असून दोहोंपुढें ± १०० असेल, तर एक दुसरीच्या आधींची असें त्या आंकड्यांवरून ठरवितां येत नाहीं. अशा अंतरावर स्थलांतराचा सिद्धान्त उभारणें हें वाळूवर वाडा बांधणें होय.

दुसरी सावधगिरी वर्षांच्या जातीसंबंधीं. हे काल इ. स. १९५० पासून मागें मोजतात. लिबीनें अर्धायुष्य ५५६८ वर्षें धरलें होतें; पुढें तें ५७३० च्या जवळ असल्याचें ठरलें. शिवाय वातावरणांतील कर्ब-१४ चें प्रमाण सर्वकाळ सारखें नव्हतें, हें वृक्षांच्या वलयांवरून सिद्ध झालें आहे. यामुळें ‘३००० कर्बवर्षांपूर्वीं’ याचा अर्थ इ. स. पू. १०५० असा सरळ वजाबाकीनें निघत नाहीं. शोधन केल्यावर तो इ. स. पू. १२५० च्या आसपास येतो. म्हणून जुन्या अहवालांतून कालांक घेतांना तो शोधित कीं अशोधित, अर्धायुष्य कोणतें, आणि प्रयोगशाळेचा अनुक्रमांक कोणता, हीं तिन्ही टिपलीं पाहिजेत. शक घेतांना तो शालिवाहनाचा कीं राज्याभिषेकाचा, हें आपण पाहतोंच. त्यांतलाच हा प्रकार.

शेवटीं संग्राहकांस चार सूचना. पहिली, असें यंत्र हातीं आल्यास तें वीज जोडून पाहण्याच्या फंदांत पडूं नये. आंतील दाब कांहीं शें व्होल्टांचा असतो आणि वीज काढल्यावरही धारित्रांत भार शिल्लक राहतो. तो प्राणघातक होऊं शकतो. चालवावयाचेंच असेल तर जाणत्या तंत्रज्ञाच्या हातून. दुसरी, नळ्या कापसांत गुंडाळून उभ्या ठेवाव्या. अंकनळींत पारा असण्याचा संभव असल्यामुळें ती फुटूं देऊं नये. तिसरी, कांचेवरील छाप घासून पुसूं नये. कारखान्याची खूण, नळीची जात आणि पुष्कळदां निर्मितीचा काल तेथें असतो. कांहीं रशियन नळ्यांवर महिना रोमन अंकांत व वर्ष दोनच अंकांत दिलेलें आढळतें. छाप जशाचा तसा यादींत उतरून घ्यावा व त्याचें छायाचित्र ठेवावें.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. यंत्राबरोबरचे कागद सोडूं नयेत. प्रयोगवहींतील वाचनें, खरेदीची पावती, जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहींतील क्रमांक, फळीवर कोणी पेन्सिलीनें लिहिलेला एखादा आंकडा, यांवरूनच तें यंत्र कोणीं, कोठें व कशासाठीं चालविलें हें कळतें. पुष्पिकेवांचून पोथी वाचतां येते, पण तिचें स्थळ-काळ सांगतां येत नाहीं. कागदांवांचून यंत्राचीही तीच गत. सांगलीच्या पेटीसोबतची वही त्याच विक्रेत्याकडे रद्दींत होती. ती आमच्या स्नेह्यांनीं दुसऱ्या दिवशीं जाऊन आणिली. तींत विद्यार्थ्यांनीं दर मिनिटाचे स्पंद ओळीनें लिहिले आहेत, आणि त्या आंकड्यांची चढउतार वर सांगितलेल्या वर्गमूळाच्या नियमाला धरून आहे. यंत्र ठीक चाललें होतें, याचा तोच आज उपलब्ध असलेला पुरावा.

कृष्णाकांठच्या या दोन जिल्ह्यांस रद्दींतून इतिहास वेंचण्याची परंपरा आहे. राजवाड्यांच्या पहिल्या खंडांतील पानिपतचीं पत्रें वाईस मिळालीं. तो खंड इ. स. १८९८ त निघाला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं शिक्षकाची नोकरी संभाळून पटवर्धनी दफ्तर वाचून काढलें. साताऱ्यास पारसनिसांनीं संग्रह केला, तो इ. स. १९३९ मध्यें पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला, तरी नष्ट झाला नाहीं. त्या काळीं ज्यांस तें दफ्तर निरुपयोगी वाटलें त्यांचा दोष नव्हता. वापर संपलेली वस्तु अडचण वाटते, आणि ती इतिहासाचें साधन होण्यास मध्यें कांहीं काळ जावा लागतो. प्रयोगशाळांतील या यंत्रांचा सध्यां तोच मधला काळ चालू आहे.

तरी सातारा व सांगली जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांशीं ज्या वाचकांचा संबंध असेल, त्यांनीं मोडीच्या यादीवर सही होण्यापूर्वीं ती एकदां पाहावी. आणि अशी एखादी पेटी, सुटी नळी किंवा प्रयोगवही आढळल्यास तिच्यावरील छापांची नक्कल मंडळाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे. इत्यलम्.